एका कंपनीचा गृहपाठ

बँकेतून निवृत्त झालेल्या बाईपुढे पुण्यात दोन रस्ते असतात : गीतेचा वर्ग किंवा ट्रेकिंगचा ग्रुप. ट्रेकिंगला माझ्या गुडघ्यांचा विरोध होता आणि गीतेच्या वर्गात आमच्या जुन्या मॅनेजरबाई पहिल्या रांगेत बसतात. म्हणून मी शेअरबाजाराच्या वर्गात नाव घातलं. दर रविवारी नऊ ते अकरा, एका शाळेतली पाचवी ब. फळ्याच्या कोपऱ्यात शनिवारचा पट लिहिलेला, बाकं पाचवीच्या मापाची. त्यांत आम्ही बावीस विद्यार्थी, सरासरी वय बासष्ट. एकदा बाकात शिरलं की तास संपेपर्यंत निघता येत नाही, त्यामुळे हजेरी उत्तम असते. सर एकतीस वर्षांचे. आजीला मोबाइल शिकवताना नातवाचा जो आवाज लागतो, त्या आवाजात ते आम्हा सगळ्यांशी बोलतात.

चौथ्या रविवारी सरांनी गृहपाठ दिला. प्रत्येकाने एक कंपनी निवडायची, तिचे दहा वर्षांचे ताळेबंद वाचायचे आणि सहा आठवड्यांनी वर्गापुढे उभं राहून सांगायचं, शेअर घ्यावा की नाही. "कंपनी बाजारात नोंदलेली हवी," सर म्हणाले, "आणि बँक नको."

"बँक का नको?"

"मॅडम, बँकेचं सगळं उलटं असतं. लोकांच्या ठेवी म्हणजे बँकेची देणी, आणि लोकांना दिलेली कर्जं म्हणजे तिची मालमत्ता. आपले नेहमीचे रेशो तिथे चालत नाहीत."

हे ते मला समजावत होते. चौतीस वर्षं मी ती देणी आणि ती मालमत्ता रोज संध्याकाळी जुळवूनच घरी गेले. जगातला एकच धंदा मला आतून माहीत होता आणि नेमका तोच वर्ज्य. अर्थात आतून माहीत असल्यामुळेच मी आयुष्यात बँकेचा शेअर घेतला नव्हता, हे मी वर्गात बोलले नाही.

घरी सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या. वय ८६, कान अधू, पण पैशाचा विषय निघाला की दोन्ही कान काम करतात. त्यांना गृहपाठ सांगितला. कंपन्या दरवर्षी अहवालाची पुस्तकं काढतात, ती दहा वाचायची आहेत, असंही सांगितलं.

"ती गुळगुळीत इंग्रजी पुस्तकं?" त्यांनी गवार खाली ठेवली. "ती वाचतात? आम्ही तर फळीवर डब्यांखाली अंथरायचो. तेल सांडलं तरी पुसून निघायचं."

मी म्हटलं, हो, वाचतात. त्यांनी मान हलवली. माणूस निवृत्त झाला की असं होतं, अशा अर्थाची ती मान होती.

मला वाटलं होतं, कष्ट वाचण्याचे आहेत. निवडायला कितीसा वेळ लागतो? निवडण्यातच पाच आठवडे गेले. मुंबई शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्या पाच हजारांच्या वर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शेअरचे दलाल मुंबईच्या टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली जमायचे, तेव्हा निवड सोपी असणार. पण तेव्हाही लोकांनी कंपनी काय करते ते विचारलं नव्हतंच. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले आणि तो पैसा समुद्रात भर घालणाऱ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये गेला. १८६५मध्ये युद्ध संपलं. समुद्र होता तिथेच राहिला, पैसे तेवढे बुडाले. ज्या प्रेमचंद रायचंदांच्या इशाऱ्यावर बाजार नाचायचा त्यांचंही दिवाळं वाजलं. त्यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र अजून वेळ सांगतो. सरांनी हा इतिहास सात मिनिटांत उरकला. माझ्या मते गृहपाठ तिथेच संपला होता, पण बाकातून निघता येत नव्हतं.

सुरुवात कुठून करायची याचं उत्तर सरांकडे होतं. पीटर लिंच हे एके काळचे मोठे अमेरिकन फंड मॅनेजर. जे रोज वापरता, ज्याची माहिती आहे, तिथून शोध सुरू करा, असं त्यांचं सांगणं. त्यांच्या बायकोने दुकानातून अंड्याच्या आकाराच्या डबीत मिळणारे 'लेग्ज'चे पायमोजे आणले, तिला ते फार आवडले, लिंचनी मोजे करणारी हेन्स कंपनी शोधून काढली आणि शेअर चांगलाच वधारला. वर्गातल्या पुरुषांना ही गोष्ट फार आवडली. मोजे बायकोने आणले आणि नाव नवऱ्याचं झालं, यात नवीन काय ते मला कळलं नाही. पण पद्धत पटली. सोमवारी सकाळी उठल्यापासून ज्या ज्या वस्तूला हात लागला तिचं नाव वहीत लिहायला घेतलं.

चहाबरोबर पार्ले-जी. या बिस्किटावर माझा जन्मापासूनचा अभ्यास आहे. किती सेकंद बुडवलं तर मऊ होतं आणि किती सेकंदांनी कपात पडतं, एवढी सखोल माहिती लिंचनाही मोज्यांची नसेल. कंपनी शोधायला गेले तर ती बाजारातच नाही. खाजगी आहे, शेअर विकतच नाहीत. पुढे अमूलचं लोणी. ती सहकारी संस्था, मालक गुजरातचे दूध उत्पादक. लिज्जत पापड? १९५९मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेला, आज हजारो बायकांचा. मालक व्हायचं तर पापड लाटावे लागतात, डीमॅट खातं चालत नाही. चितळ्यांची बाकरवडी? तीही खाजगी. दुपारपर्यंत माझ्या वहीत चौदा नावं होती आणि नऊवर काट. जे जे मला मनापासून आवडतं ते ते विकायला नाही, आणि बाजारात जे मिळतं त्यात सिमेंट, गंधक आणि कसल्याशा पॉलिमरचे ड्रम आहेत. ते मी चहाबरोबर घेत नाही.

उरलेल्या पाचांत खोबरेल होतं. पॅराशूटची निळी बाटली, कंपनी मॅरिको, मुंबईची, रीतसर नोंदलेली. तिची एक गोष्ट वाचून मी खूश झाले. पूर्वी खोबरेल पत्र्याच्या डब्यात यायचं. प्लॅस्टिकच्या बाटल्यांना दुकानदार तयार होईनात, कारण आधी कोणीतरी चौकोनी बाटल्या काढल्या होत्या आणि त्यांचे कोपरे उंदरांनी कुरतडून गोदामात तेलाचं तळं केलं होतं. मग कंपनीने बाटली गोल केली, जिथे दात रोवायला कडाच नाही, आणि उंदीर भरलेल्या पिंजऱ्यात ठेवून ती टिकते हे दुकानदारांना दाखवलं. हर्ष मारीवालांनी ही गोष्ट स्वतः सांगितली आहे. मी ताबडतोब ठरवलं, हीच कंपनी. धंदा उंदरांनीसुद्धा तपासून पास केलेला आहे.

सरांनी विचारलं, "मॅडम, भाव पाहिलात?"

भाव म्हणजे शेअरची किंमत नव्हे, हे मला तोवर कळलं होतं. कंपनी एका शेअरमागे वर्षाला जेवढं कमावते त्याच्या किती पट आपण मोजतो, तो भाव. घरोघरी पोचलेल्या अशा लाडक्या कंपन्यांना लोक कधीकधी पन्नास-साठ पटही मोजतात. हे मला आमच्या सोसायटीवरून समजलं. समोरचा फ्लॅट सव्वा कोटीला गेला. त्याचं वर्षाचं भाडं तीन लाख. म्हणजे घेणाऱ्याने चाळीस पटीच्या वर मोजले. मी त्याला तेव्हा मनात वेडा म्हटलं होतं. खोबरेल जवळजवळ त्याच इमारतीत निघालं.

तिसऱ्या मजल्यावरचे काका बाजारात तीस वर्षं आहेत. किती कमावलं ते सांगत नाहीत, किती कमावता आलं असतं ते सांगतात. त्यांनी जिन्यातच थांबवून सल्ला दिला, "वहिनी, डोकं चालवू नका. घराणं बघा. बजाज घ्या." घरी येऊन बजाज शोधलं. ऑटो, फायनान्स, फिनसर्व्ह, होल्डिंग्ज, इलेक्ट्रिकल्स. यांतलं कोणतं? किरलोस्कर म्हणावं तर ब्रदर्स, ऑइल इंजिन्स, न्यूमॅटिक, फेरस, इंडस्ट्रीज. घराणं बघायला गेलं की अख्खं वऱ्हाड येतं. सासूबाईंचं मत स्वच्छ होतं. "बजाज म्हणजे स्कूटर," त्या म्हणाल्या, "नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची ती." गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहतं, अशी कंपनी आता कुठे मिळेल, हा विचार मी वहीत लिहून ठेवला. वहीतली ती सगळ्यात चांगली नोंद आहे.

नावाचं गारूड काही निराळंच असतं. एप्रिल २०२१मध्ये देशात प्राणवायूसाठी लोक वणवण फिरत होते. त्या दिवसांत बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा शेअर महिनाभरात दुपटीच्या वर गेला. कंपनीने वायू बनवणं २०१९मध्येच बंद केलं होतं आणि ती आता फक्त गुंतवणुकीचा व्यवसाय करत होती. नावात मात्र ऑक्सिजन शिल्लक होता, तेवढा बाजाराला पुरला. आमच्या वर्गातल्या एकाने टायरवाली एमआरएफ निवडली. कारण विचारलं तर म्हणाले, "सचिनच्या बॅटवर होतं ना." त्यांच्या नातवाला तर ही बॅटचीच कंपनी वाटते. हसू नका. कंपनीची सुरुवात १९४६मध्ये मद्रासला रबरी फुगे करण्यापासून झाली, तेव्हा नातवाचा अंदाज फार चुकला असं म्हणता येत नाही. तिचा एक शेअर जून २०२३मध्ये एक लाखाच्या वर गेला. सासूबाईंनी विचारलं, "लाखाला चारही टायर देतात का?"

महाग म्हणजे काय आणि स्वस्त म्हणजे काय, याबद्दल उरलासुरला विश्वास एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सने उडवला. ही मुंबईची कंपनी स्वतः काही बनवत नाही. तिच्याजवळ एशियन पेंट्सचे शेअर पडून आहेत, हजारो कोटींचे. तरी बाजारात तिचा भाव साडेतीन रुपयांच्या आसपास होता. त्या भावाला विकायला कोणीच येत नसल्यामुळे व्यवहार होत नव्हता आणि व्यवहार होत नसल्यामुळे भाव हलत नव्हता. शेवटी शेअरबाजाराने अशा कंपन्यांसाठी खास लिलाव ठेवला आणि २९ ऑक्टोबर २०२४ला तो शेअर ३ रुपये ५३ पैशांवरून दिवसअखेर २ लाख ३६ हजारांवर गेला. सासूबाईंना यात काही विशेष वाटलं नाही. "माळ्यावरच्या हंड्याचं असंच असतं," त्या म्हणाल्या. "भांडीवाली दारात उभी राहीपर्यंत पितळ आहे की तांब्याचा, कोण बघतं?"

खरं तर आमच्या घराण्याचं शेअरबाजारातलं मोठं कर्तृत्व हुकण्याचं आहे. माझ्या मावशीचं सासर अमळनेर. साने गुरुजी जिथे शिकवत होते ते अमळनेर. तिथेच १९४५मध्ये वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला, त्याची पुढे विप्रो झाली. गावातल्या पुष्कळ जणांनी शेअर घेतले आणि पेटीत ठेवून विसरून गेले. साध्या घरांतून कोट्यधीश निघाले. मावशीच्या सासऱ्यांचं मत होतं की डालड्याच्या धंद्याला काय भवितव्य? त्यामुळे त्यांच्याकडे डबा आला, कागद आला नाही. तुपाचा तो रिकामा डबा अंगणात तुळस लावायला घेतला होता, तो मी लहानपणी पाहिलेला आहे. आमच्याकडची विप्रोची एकूण मालमत्ता एवढीच.

बंगळूरहून मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तू उगाच भावनेत अडकतेस. फिल्टर लाव." त्याने बसल्याजागी माझ्यासाठी चाळणी तयार केली. कर्ज नको, भांडवलावरचा परतावा वीस टक्क्यांच्या वर, विक्री दरवर्षी वाढती, प्रवर्तकांचे शेअर गहाण नसलेले. पाच हजारांच्या ऐंशी कंपन्या झाल्या. आणखी दोन अटी घातल्या, सहा राहिल्या. आणखी एक घातली, काहीच राहिलं नाही. याच मुलाने विवाहाच्या संकेतस्थळावरही असेच फिल्टर लावलेले आहेत. त्याला तीन वर्षं झाली.

शेवटी मी माझ्या जुन्या वाटेला लागले. कर्जखात्यात असताना मी शेकडो ताळेबंद पाहिले, कारखाने पाहिले. तिथे काही ठोकताळे तयार होतात, जे कुठल्या पुस्तकात नाहीत. गेस्ट हाउस कारखान्यापेक्षा चकचकीत असेल तर सावध व्हायचं. चहाबरोबर काजू-बदाम आले तर वसुलीची फाइल आजच उघडायची. मालक दर वाक्याला 'ट्रान्स्परन्सी' म्हणाला तर गोदाम स्वतः मोजायचं. हेच ठोकताळे मी अहवालांना लावले. अहवाल मागून पुढे वाचायचा. पुढची शंभर पानं हसऱ्या मुलांची, हिरव्या शेतांची आणि अध्यक्षांच्या पत्राची. खरी हकीकत शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरातल्या टिपांमध्ये. संचालकांच्या मेहुण्याच्या कंपनीकडून कच्चा माल किती घेतला, कोर्टात किती रकमेचे दावे पडून आहेत, नफा दाखवलाय तेवढी रोकड खरोखर हातात आली का, उधारी किती साठलीय. चकाकीचं सांगायचं तर सत्यमला सप्टेंबर २००८मध्ये उत्तम कारभाराबद्दल सुवर्णमयूर पुरस्कार मिळाला होता. जानेवारी २००९मध्ये अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कळवलं की ताळेबंदातली पाच हजार कोटींवर रोकड अस्तित्वातच नाही. मोर परत घेतला म्हणतात.

तीन आठवडे मी मागून पुढे वाचत होते. डोळ्यांचा नंबर वाढला. आणि मग एक कंपनी सापडली. यंत्रांत बसणारी रबरी सीलं आणि वॉशरं करते. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण मग तुम्ही शेअर घ्याल आणि भाव पडला की मला फोन कराल. अहवाल जेमतेम ९६ पानांचा. एकही हसरं मूल नाही. एकच फोटो, कारखान्याच्या फाटकाचा, आणि त्यात झोपलेला कुत्रा कोणी कापून काढायची तसदीही घेतलेली नाही. अध्यक्षांचं पत्र अर्ध्या पानाचं, त्यातलं निम्मं गेल्या वर्षी घेतलेलं एक मशीन कसं चुकलं त्याबद्दल. मेहुणा कुठेच नाही. नफ्याएवढी रोकड दरवर्षी आलेली. भाव चौदा पट. नाव मात्र कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. पण ओळखीचं वाटणं हा निकष धरायचा नाही, हे मी ऑक्सिजनवरून शिकले होते. म्हणून तिकडे मुद्दामच लक्ष दिलं नाही.

सादरीकरणाच्या रविवारी एक गंमत उघडी पडली. बावीसपैकी सतरा जणांनी निवडलेल्या कंपनीचे शेअर त्यांच्याकडे आधीपासून होते, आणि बहुतेकांचे तोट्यात. शेअर विकावा की ठेवावा हे कित्येक वर्षं ठरत नव्हतं, म्हणून त्यांनी तीच कंपनी अभ्यासाला घेतली आणि अभ्यासाअंती 'ठेवावा' असं निघालं. एका गृहस्थांनी तेवीस स्लाइड दाखवल्या आणि निष्कर्ष काढला : दीर्घ मुदतीसाठी उत्तम. त्यांनी तो जानेवारी २००८मध्ये घेतला होता, सेन्सेक्स २१ हजारांना शिवला त्या आठवड्यात. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "साहेब, आणखी किती दीर्घ?" सरांना कोणीतरी विचारलं की तुमच्याकडे असा एखादा आहे का. त्यांनी पाणी प्यायलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

माझं सादरीकरण सरांना आवडलं. "मॅडमचं बघा," ते म्हणाले, "पूर्ण निःपक्ष. यांचा कंपनीशी काडीचा संबंध नाही." मी बाकात अडकलेली असूनही ताठ बसले.

रात्री जेवताना सासूबाईंना कंपनीचं नाव सांगितलं. त्यांनी ते मला दोनदा म्हणायला लावलं, मग म्हणाल्या, "त्यांचं पुस्तक चांगलं असायचं. जाड. तेलाचा डाग धरायचं नाही."

मी स्टुलावर चढले. सगळ्यात वरच्या फळीवर, वापरात नसलेल्या पिंपाखाली, १९९१-९२ सालचा वार्षिक अहवाल होता, पिंपाच्या बुडाचा गोल गंज अध्यक्षांच्या पत्रावर उमटलेला. सासरे पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे हीच सीलं यायची. यंत्रं बदलली, मालक बदलले, पण या सीलांची तक्रार कधी आली नाही, एवढ्या एका कारणावर त्यांनी १९८३मध्ये बायकोच्या नावाने पन्नास शेअर घेतले होते. ताळेबंद वगैरे पाहिला नव्हता. कागद गोदरेजच्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत सापडला. मग मी सासूबाईंचं पासबुक काढलं. ऑगस्ट-सप्टेंबरात दरवर्षी थोडे पैसे जमा होताना दिसत होते. ते मी इतकी वर्षं गॅसची सबसिडी समजत होते. मी, चौतीस वर्षं बँकेत.

अलीकडे ते पैसे थांबलेत. कागदी शेअर असलेल्यांना केवायसी पूर्ण केल्याशिवाय लाभांश मिळत नाही, असा सेबीचा नियम १ एप्रिल २०२४पासून आहे, आणि डीमॅट केल्याशिवाय शेअर विकताही येत नाहीत. पॅन झालं, फोटो झाला, आधार झालं. बँकेकडून सही साक्षांकित करून घ्यायच्या फॉर्मपाशी गाडी अडली. काउंटरवरच्या मुलीने एकदा फॉर्मकडे पाहिलं, एकदा संगणकातल्या जुन्या नमुन्याकडे. "सही जुळत नाही, आजी," ती म्हणाली. अगदी माझ्याच आवाजात म्हणाली. हेच वाक्य, याच सुरात, मी किती पेन्शनरांना परत पाठवताना म्हटलं असेल त्याला गणती नाही.

सासूबाईंनी तिच्याकडून नमुन्याची सही नीट बघून घेतली. चाळीस वर्षांपूर्वीच्या हाताची, ठसठशीत, खाली लांब फराटा ओढलेली. आता रोज दुपारी चहा झाला की त्या माझी गृहपाठाची वही घेऊन बसतात आणि मागच्या कोऱ्या पानांवर दहा-दहा सह्या करतात. काल रफार जमला. फराटा अजून थरथरतो.